जोर कुठे दिला?

अकोल्यात आमच्या गल्लीत इंग्रजीचे क्लास घेणारे एक सर राहतात. लांब शब्दाचे ते तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला टाळी वाजवतात आणि उच्चारात ज्या तुकड्यावर जोर येतो त्याला टेबलावर थाप मारतात. भाजी घेताना 'कॉलिफ्लॉवर'लाही त्यांचे हात थांबत नाहीत.

माझी मुलगी त्यांच्याकडेच शिकली. अमरावतीला नोकरीच्या मुलाखतीत 'रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणताना तिने तीन टाळ्या वाजवल्या आणि चौथ्या तुकड्याला साहेबांच्या टेबलावर थाप मारली. साहेबांचा चहा सांडला. नोकरी दुसऱ्याच मुलीला मिळाली.

मी सरांना गाठलं. "सर, पोरीले टाळ्या वाजवाले कावून शिकवलं जी?"

त्यांनी शांतपणे विचारलं, "थाप कितव्या तुकड्यावर मारली?"

"चौथ्या."

"मंग पोरगी पास हाये, भाऊ. त्या साहेबालेच इंग्रजी येत नाही."