पंच्याण्णव अंशांवरचा उजेड

लडाखमधल्या त्या पोस्टवर आमची प्लॅटून ऑक्टोबरात चढली. पोस्टचं नाव सांगणार नाही. मी तेव्हा नायक. सोयगाव तालुक्यातला, घराण्यातला पहिला बी.ए.; म्हणून आकाशातल्या उजेडाची चौकशी सुरू झाली तेव्हा मेजर साहेबांनी फॉर्म माझ्या हाती दिले. त्याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

रोज संध्याकाळी पूर्वेच्या डोंगरावर एक पिवळा उजेड निघायचा आणि हळूहळू वर सरकायचा. इकडे शहरात, गुलमंडीच्या बाजारात कुणाला सांगितलं की लोक हसून विचारतात, "उडती तबकडी होती का?" आम्हाला हसू येत नव्हतं. तो ड्रोन असेल तर आमची पोस्ट त्यानं पाहिली होती, आणि ड्रोनमागून तोफेचा गोळा येतो.

तपासाची रीत साधी. दोन मोर्च्यांतून, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकांतून, एकाच क्षणी कंपासवर दिशा, म्हणजे बेअरिंग, मोजायची. दोन्ही आकडे सारखे आले तर वस्तू फार लांब, म्हणजे तारा किंवा ग्रह. वेगळे आले तर वस्तू जवळ.

दुसऱ्या मोर्च्यावर लान्स नायक सुदाम. आपल्या शहरातल्या शहागंजचा, वडिलांचं तिथं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्या संध्याकाळी निघताना म्हणाला, "ग्रॅज्युएट साहेब, ते तबकडीवाले खाली उतरले तर विचारा, शहागंजला सोडता का."

"तू आधी मोर्च्यावर पोच."

"जातो की. पण लई भ्या वाटतंय राव."

"मलाबी," मी म्हणालो.

१८:०५ ला उजेड निघाला. मी वाचलं, पंच्याण्णव अंश. रेडिओ उचलला.

"टू, बेअरिंग सांग. ओव्हर."

"वन-झिरो-वन. ओव्हर."

सहा अंशांचा फरक. म्हणजे उजेड समोरच्या नाल्यावरच होता. मग एक गोष्ट सुचली. कंपासजवळ लोखंड असलं की सुई फिरते. हे रिक्रूटलाही शिकवतात.

"टू, रायफल कुठंय?"

थोडा वेळ खरखर. मग, "गळ्यात हाय."

"ती मोर्च्यात ठेव. बाहेर चार पावलं जा. पुन्हा वाच."

"रायफल सोडून? नाय हो, दादा. ते इकडंच बघतंय."

"ऑर्डर आहे. ओव्हर."

१८:११ ला त्याचा आवाज आला. "नाइन फाइव्ह. पंच्याण्णव, दादा! लांब हाय, लई लांब हाय!" तो हसत होता. मग रेडिओवर काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. मी नऊ वेळा हाक मारली. मोर्च्यापुढचा बर्फ खालून पोकळ होता. कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाखाली त्याचा देह सापडला. उजेड ग्रहाचा होता, असा अहवाल नंतर आला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कर्नल साहेबांनी विचारलं, "जवान मोर्चा सोडून बाहेर का गेला? आपल्या मनानं?" व्हय म्हटलं असतं तर मी सुटलो असतो आणि चूक त्याच्या नावावर लागली असती. उजेडालाही मी इतका घाबरलो नव्हतो.

"नाही सर. माझ्या ऑर्डरवर."

तसंच लिहिलं गेलं. खाली सही माझी.

सुट्टीवर आलो तेव्हा शहागंजला सुदामच्या वडिलांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझी ऑर्डरही. काकांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. मग विचारलं, "घाबरला होता का रे तो?"

"व्हय काका. लई घाबरला होता. तरी रायफल ठेवून बाहेर गेला."