आखाजीला जावई माहेरी

आमच्या गावात मुलगी सासरी निघाली की कोणी कुठे उभं राहायचं आणि कोणी रडायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. मी सासरी निघालो तेव्हा मात्र सगळ्यांचीच पंचाईत झाली. आई दोनदा पिशवी भरून दोनदा उपसत होती, धाकटा भाऊ उगाच मोटारसायकल पुसत होता आणि वडील, आबा, सकाळीच शेतात निघून गेले होते. शिरपूरपासून आत, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. तिथे घरजावई हा शब्द कोणी चांगल्या अर्थाने वापरत नाही.

रेखाला पाहायला सावद्याला गेलो तेव्हा तिने चहाचा ट्रे ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की वडील गेल्यापासून आई एकटी आहे, मी सावदा सोडणार नाही, चालत असेल तरच होकार द्या. एवढ्यावरच तिची आधीची स्थळं फिरली होती. मला ती तिथेच आवडली. लग्नापर्यंत गोड बोलून नंतर अडून बसणं तिला सोपं होतं. तिने ते केलं नाही. परतीच्या वाटेवर आई तेवढी म्हणाली, "पोर खरं बोलनी. आजून काय देखशी?"

आबा लग्नाला आले, पण त्यानंतर सावद्याच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

आमच्याकडे पेरलं की वर बघायचं. इथे केळीला ड्रिपचा कॉक फिरवला की पाणी. ते मी शिकलो. जड गेली ती जावईगिरी. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या घराण्यात सासूने जावयाशी थेट बोलायचं नाही आणि त्याचं जेवण झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. दोन दिवस येणाऱ्या जावयासाठी हे ठीक आहे. मी तर रोजचाच. रेखा सरकारी दवाखान्यात नर्स. ती ड्यूटीवर गेली की घरात आम्ही दोघंच, आणि अक्का भिंतीकडे बघून म्हणायच्या, "जेवन झालं म्हना." मीही भिंतीलाच सांगायचो, येतो म्हणावं. बागेत उशीर झाला की त्या उपाशी बसायच्या, आणि तसं सांगायच्याही नाहीत. सुरुवातीला मला हसू यायचं, मग राग यायला लागला, शेवटी वाईटच वाटायला लागलं. पाहुणचार जन्मभर चालला तर माणूस त्या घरचा कधी होणार? गावाकडे तर मी दिल्या घरचा झालोच होतो. माझा फोन आला की आबा तो आईच्या हातात देऊन उठून जायचे.

रेखाला हे सांगितलं. तिने समजूत घातली नाही. "तुम्ही परत जायचं म्हणालात तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण मी आईला सोडून येणार नाही. आणि तुम्ही गेलात तर मला फार जड जाईल, तेही सांगून ठेवते." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. या सणाला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. भाऊ नाहीतर बाप त्यांना घ्यायला जातो, त्याला मूळ म्हणतात. गल्लीत झोके बांधले गेले, रिक्षातून पोरी उतरू लागल्या. रेखा तर माहेरीच होती. मी ओट्यावर बसून बघत होतो. अक्का बाहेर आल्या आणि भिंतीकडे न बघता सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"जावाईबापू, तुमाले घ्याले कोनी येत नाही का?"

मग त्यांनी आबांनाच फोन लावला. आमच्याकडून सणाला मूळ आल्याशिवाय कोणाला पाठवत नाहीत, तुमच्या मुलासाठी कोण येतं ते कळवा, असं म्हणाल्या. आबा हट्टी खरे, पण रीतभात मोडणारे नव्हेत. दुसऱ्याच दिवशी एसटीने आले, नवी टोपी घालून. ओट्यावर पाणी प्यायले, मग आत येऊन वरण-बट्टी जेवले. रेखा अक्कांजवळ राहिली; आम्ही बापलेक निघालो.

वाटेतलं चोपडा गाव मागे पडेपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मले वाटनं, तू गया." मी त्यांचा हात धरला. मोठा झाल्यापासून कधी धरला नव्हता.

सण झाला. आई, आता हे तुलाच सांगतो: तू राहा म्हणत होतीस तरी मी निघालो, कारण मला इकडची ओढ लागली होती. हे तुला तेव्हा सांगवलं नाही. सावद्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती, रेखा ड्यूटीवर होती. अक्का चुलीपाशी बसून जेवत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, घास तोंडात होता तो चावत राहिल्या आणि भाकरीची टोपली माझ्याकडे सरकवली.

"हात धुवा आन् बसा," त्या म्हणाल्या.

माझ्यासाठी कोणी उपाशी थांबलं नव्हतं. आई, मी घरी आलो होतो.