मास्तरांची तारीख

परक्या शहरात येऊन चौथं वर्ष लागलं, तरी वकीलबाईंना वकीलबाई म्हणणारं घराबाहेर कुणी नव्हतं. घरात नवरा म्हणायचा, तेही चिडवायला. मायदेशी चौदा वर्षं काळा कोट घालून कोर्टात उभ्या राहिलेल्या या बाई इथे एका वकिली कचेरीत फायलींवर आकडे घालत, कागदांच्या प्रती काढत आणि निम्म्या वयाच्या वकिलाने चुकीचं कलम लिहिलं तरी मूग गिळून गप्प बसत. एकदा राहवलं नाही म्हणून चूक दाखवली, तर तो पोरगा गोड हसला आणि प्रती दोन्ही बाजूंनी काढायला विसरू नका म्हणाला.

इथली वकिलीची परीक्षा द्यायची, तर आधी त्या परीक्षेला बसायला आपण लायक आहोत हे परीक्षा मंडळाला पटवावं लागतं, आणि बाहेरची पदवी घेऊन आलेल्यांना ते पटवता पटवता नाकी नऊ येतात. कोणता विषय किती तास शिकलात, वर्गात बसून की घरी बसून, सगळं मोहरबंद पाकिटातून आणि थेट कॉलेजाकडून. बाईंचा थोरला भाऊ, दादा, आपलं औषधांचं दुकान सोडून कॉलेजच्या कारकुनासमोर इतक्या वेळा जाऊन बसला की तिथला शिपाई त्याला विचारू लागला, तुम्ही कोणत्या वर्षाला? दोन वर्षांत सगळे कागद आले. राहिला एक. सनद चालू आहे आणि बाईंवर कसलीही तक्रार नाही, असा मायदेशच्या वकील परिषदेचा दाखला. तो परिषदेकडून थेट ईमेलने यायचा होता, आणि शुक्रवारी पाचच्या आत मंडळाकडे पोचला नाही, तर फाईल बंद. मग पुन्हा पहिल्या पाकिटापासून सुरुवात, आणि ते आपल्याच्याने होणार नाही, हे बाईंनी नवऱ्याला कधीच सांगून टाकलं होतं.

बुधवारी दुपारी दादाचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झालेली. दाखला तयार आहे, पण सही अडली आहे, असं तो म्हणाला. तुझ्या नावावर एक तक्रार पडून आहे. तक्रार कुणाची, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

बाजारात जिन्याखाली बावीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवणारे एक मास्तर होते. जागेच्या मालकाने दुकान खाली करायचा दावा लावला आणि बाई चार वर्षं मास्तरांच्या बाजूने उभ्या राहिल्या, अगदी जीव तोडून. मग मास्तरांच्या साक्षीची तारीख लागली. त्या दिवशी बाई कोर्टात गेल्याच नाहीत. पुकारा झाला तेव्हा मास्तर फाटकाशी उभे राहून बाईंची वाट पाहत होते. त्यांच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला. बाईंनी त्यांना सांगितलं, मला सणकून ताप होता. निकाल रद्द करून घ्यायचा अर्ज एका ओळखीच्या वकिलाकडे सोपवून दोन महिन्यांनी त्या विमानात बसल्या. तापाचा एकही कागद जोडलेला नव्हता, म्हणून तो अर्ज फेटाळला गेला. हे बाईंना फोनवर कळलं होतं, आणि कळल्यावर त्यांनी विषय बदलला होता.

दादाकडे उपाय तयार होता. परिषदेच्या सचिवांनी सांगितलं होतं, एक तर तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी, नाहीतर बाईंनी आजारपणाचा पुरावा द्यावा. दुकानासमोरचे डॉक्टर ओळखीचे, ते मागची तारीख टाकून दाखला द्यायला तयार होते.

"खोटं थोडंच आहे?" दादा म्हणाला. "ताप होताच ना तुला. कागद तेवढा उशिरा निघतोय."

बाई म्हणाल्या, "आण."

फोन ठेवला आणि त्या यंत्राशी जाऊन प्रती काढू लागल्या. चाळीस पानांची फाईल होती. बाविसाव्या पानावर त्यांचे हात थांबले. वकिलीच्या दिवसांतली तारखांची डायरी त्यांनी बरोबर आणली होती, आणि ती कपाटात कोणत्या कपड्यांखाली आहे हेही त्यांना नीट माहीत होतं, कारण इथे आल्यापासून त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती. उघडायची गरजही नव्हती. त्या दिवसाच्या पानावर शाईने मास्तरांची साक्ष लिहिलेली होती. तिच्याखाली पेन्सिलीने, कुणाला सहज दिसू नये असं, परदेशी जाण्यासाठीच्या भाषेच्या परीक्षेचं ठिकाण आणि वेळ.

ताप कसला नि काय! बाई त्या दिवशी ठणठणीत होत्या.

त्यांनी दादाला परत फोन लावला आणि डॉक्टरांकडे जाऊ नकोस म्हणून सांगितलं. का, हे सांगायला जीभ रेटेना. एवढंच म्हणाल्या, उद्या मास्तरांकडे जा आणि मला फोन जोडून दे. दादा वैतागला. हातात आलेलं काम कुणी असं सोडतं का, आणि ते मास्तर कसली सही देतात, असं बरंच बोलला. पण धाकट्या बहिणीपुढे त्याचं कधीच फार चाललं नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाई कागदांच्या कोठीत शिरल्या आणि दार लावून घेतलं. दादाने दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसलेल्या मास्तरांपुढे फोन धरला होता, आणि तोही ऐकत होता. मशीनचा आवाज थांबला.

"बोला," मास्तर म्हणाले.

चौदा वर्षांत बाईंनी कुठे कुठे काय काय बोलून वेळ मारून नेली होती. आता त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

"मास्तर, मला त्या दिवशी ताप नव्हता. मी इकडे येण्यासाठीची परीक्षा द्यायला गेले होते. तुमच्यासाठी पुढची तारीख मागता आली असती. पण कारण सांगावं लागलं असतं, आणि मी जाणार आहे हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

दादानेही हे ऐकलं. बाईंना त्याचीच जास्त लाज वाटली.

"तुमचा फोन बंद होता," मास्तर सावकाश म्हणाले. "मी सात वेळा लावला. तापाने पडलेलं माणूस फोन बंद कशाला करील? मला तेव्हाच कळलं होतं. आतला पुकाराही मला ऐकू आला हो. पण वकिलाशिवाय आत जाऊन मी काय बोलणार होतो?"

बाईंनी माफी मागितली. मास्तरांनी दादाने टाइप करून आणलेला कागद वाचायला मागितला. त्यात लिहिलं होतं की तक्रार गैरसमजातून झाली. मास्तरांनी तो घडी घालून परत केला, मापं लिहायच्या वहीतलं एक पान फाडलं आणि स्वतः लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. तक्रार खरी होती. वकीलबाईंनी ते आज माझ्यापाशी कबूल केलं. आता माझी तक्रार नाही. खाली सही.

दादा घायकुतीला आला. हे मंडळापुढे गेलं तर सगळं मुसळ केरात, निदान पहिलं वाक्य काढा, अशा विनवण्या करू लागला.

"दादा, आहे तसंच दे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा मशीनवर पाय ठेवला. मग आठवल्यासारखं म्हणाले, "परीक्षेची तारीख लागली की मला कळवा."

शुक्रवारी परिषदेचा दाखला निघाला, एक तक्रार आली होती आणि ती मागे घेतली अशा शेऱ्यासह, आणि मास्तरांचं पान त्याला जोडलेलं. मंडळाकडे तो पोचला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. आठवड्याने मंडळाने बाईंकडे खुलासा मागितला. त्यांनी एका पानात सगळं लिहिलं, डायरीच्या त्या पानाची प्रत जोडली, आणि पेन्सिलीचा मजकूर फिका येत होता म्हणून गडद करून पुन्हा काढली. दादा तेवढे दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलत होता. नवऱ्याने चिडवणं बंद केलं होतं. कचेरीत बाई दर तासाला टपाल बघून येत, आणि त्या वकील पोराने विचारलंच, काही हरवलंय का? सहा आठवडे त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

पत्र आलं ते पातळ होतं. बाईंनी ते टपालाच्या टेबलाशी उभ्या उभ्याच फोडलं. परीक्षेला बसायची परवानगी होती, दिवस होता, वेळ होती, बाकाचा क्रमांक होता. त्या पुन्हा कागदांच्या कोठीत गेल्या आणि नवऱ्याच्या आणि दादाच्याही आधी मास्तरांना निरोप पाठवला. फक्त तारीख आणि वेळ.

थोड्या वेळाने उत्तर आलं.

"तारीख मिळाली. हजर राहा."