दुसऱ्यांदा कंठ फुटला

आयुष्यात पहिल्यांदाच माझी जीभ दुसऱ्याच्या ताब्यात होती. घशाचे डॉक्टर ती गॉजच्या तुकड्यात धरून, आत छोटा आरसा घालून मला ‘ई’ म्हणायला सांगत होते. माझ्या ‘ई’मधून नुसती हवा निघाली.

त्यांनी जीभ परत केली. “व्होकल कॉर्डवर गाठ आहे. काढून बायोप्सीला पाठवू. तंबाखू?”

“भरपूर,” माझी बायको मंदा माझ्या आधी म्हणाली.

व्होकल कॉर्ड म्हणजे घशातल्या दोन पट्ट्या, त्या थरथरल्या की आवाज निघतो. बायोप्सी म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. कशासाठी तपासतात, तो शब्द त्या खोलीत कोणीच उच्चारला नाही.

मी नाशिकच्या बाजारात भाजीचे लिलाव पुकारायचो. ‘बोला, बोला! एक वार, दोन वार, तीन वार!’ ही आरोळी वांग्याच्या ढिगापासून फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत पोचायची. तीन वार म्हटलं की बोली बंद, सौदा संपला. आवाज गेला तर माझ्याकडे उरतं काय? पोट आणि मिशा.

पूर्ण भूल देऊन गाठ काढली. शुद्धीवर येताच डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट येईपर्यंत तोंड बंद. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण येतो.”

मखमलाबादच्या घरी परतलो. भेटायला येणारे माझ्याशी ओरडून बोलायचे, जणू मी बहिराच झालोय. मी पाटीवर लिहायचो, मंदा वाचायची. रात्री दिवा मालवला की पाटीही मुकी. मग अंधारात तो न उच्चारलेला शब्द उशाशी येऊन बसायचा.

आईला अक्षरओळख नव्हती. वडील गेल्यापासून ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायची. “माझं आता काय काम हाय?” एवढंच म्हणायची. मी घरात असलो की मीच बोलायचो, त्यामुळे ती का गप्प आहे हे विचारायला कोणाला फट मिळायची नाही.

एका सकाळी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, “मंदे, त्याला पेज दे. तान्हा व्हता तव्हा भूक लागली की आशाच भुवया वढायचा.”

भूक लागलीच होती! त्या दिवसापासून आई माझं तोंड झाली.

मग तिनं सहाणेवर वेखंड उगाळलं. वाचा फुटावी म्हणून लहान लेकरांना चाटवतात ते.

“आई, नको! घशात ओली जखम आहे,” मंदा आडवी आली.

“तुला ल्हानपनी कुनी लईच चाटवलेलं दिसतंय!”

शेवटी तह झाला. वेखंड माझ्या जिभेऐवजी टकलावर, तान्ह्याची टाळू समजून. मला निषेधही नोंदवता येईना.

चोळता चोळता आई म्हणाली, “तीन वर्साचा झाला तरी तू बोलत नव्हता. लोक म्हणायचे, मुकं हाय. मी रोज तुझ्या तोंडाकडं बघत बसायचे.”

हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या आवाजाची अशी वाट तिनं आधीही एकदा पाहिलेली होती. मग काय झालं, हे मला विचारता येईना. दुसऱ्याचं वाक्य त्याच्या चालीनं संपेपर्यंत थांबणं मला नवीन होतं.

“मंग तुझ्या बापानं तुला बाजारात नेला. जुड्यांवर बसवला. पुकारणारा वरडला, आन् तू बी वरडला, बोला!”

रिपोर्टच्या दिवशी आई हट्टानं सोबत आली. डॉक्टरांनी कागद वाचला. उलटला. पुन्हा पहिलं पान काढलं. मंदाची नखं माझ्या दंडात रुतली.

“कॅन्सर नाही.”

मंदा रडू लागली. आई मात्र स्टुलावरून उठलीच नाही. “आन् आवाज?”

“तेच बघू,” डॉक्टर माझ्याकडे वळले. “हं, बोला.”

आधी हवा आली. मग किरटा, चढता-उतरता, मिसरूड फुटलेल्या पोरासारखा एक सूर आला.

“बोला!”

डॉक्टर गोंधळले. “अहो, मी काय बोलू?”

आई पदरात तोंड खुपसून हसत होती. “त्याला तेवढंच येतं, पयल्यापासून!”

पाळणा, शाळा, संसार, म्हातारपण या पायऱ्या माणूस एकेकदाच चढतो, असा माझा समज होता. मला पुढे स्पीच थेरपीत, म्हणजे आवाजाच्या व्यायामात, तान्ह्यासारखे हुंकार द्यायला लावले. मग आ-ई, मग मा-बा. आवाज फुटत फुटत खर्जात येऊन थांबला. ओरडणं कायमचं बंद, तंबाखूही. आता बाजारात दुसरा पुकारतो. ‘बोला’ म्हटल्यावर किती थांबायचं, हे मी त्याला शिकवतो.

तुमचाही आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर खडीसाखर चघळत बसू नका. जीभ डॉक्टरांच्या हातात द्या. ते परत करतात.

आईचं तोंड आता भिंतीकडे नसतं, रस्त्याकडे असतं. संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसतो आणि हळूच म्हणतो, “बोला.”

“आईला आहो-जाहो करतंय मेलं,” म्हणत ती सुरू होते. एक गोष्ट संपते, दुसरी निघते. एक वार होतं, दोन वार होतं.

मी तीन वार म्हणत नाही.