पुंजाजीच्या कोटाचं गोडं पाणी

पुंजाजीची पाठ बघून अकोटच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, जखमा कोरड्या ठेव, नाहीतर हे काम सोड. सांगायला त्याचं काय जातं! पुंजाजीला विहिरीतला गाळ काढण्यावाचून दुसरं काम येत नव्हतं. जे येत होतं ते मात्र असं, की अकोटपासून पूर्णेपर्यंत कुणाचीही विहीर गाळानं भरली की पहिला निरोप त्यालाच जायचा.

हा सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस उत्तम, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवणार नाही असं. त्यात तुरीची डाळ शिजायला टाका, दुपार होईल पण दाणा मऊ व्हायचा नाही. पिण्याचं गोडं पाणी बाया दोन कोसांवरून आणत, पूर्णेच्या वाळूत झिरा उकरून. विहिरीच्या तळाशी उभ्या पुंजाजीच्या डोक्यावरून गाळाची टोपली वर जायची आणि तिच्यातलं खारं पाणी दिवसभर त्याच्या पाठीवर गळायचं. खांदे उलले होते. रात्री तो पालथाच झोपायचा.

म्हणून केशरबाईनं कोट शिवला. ती त्याची बायको. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरातले देव गाठोड्यात बांधून पूर्णेत सोडले त्या दिवसापासून यापुढे आपण आपल्या डोक्यानं चालायचं, हे तिनं पक्कं ठरवून टाकलं होतं. मांजरपाटाचा कोट, खांद्यावर दुहेरी कापड, वरून जवसाचं तेल आणि मेण कढवून त्याचे तीन हात. पहिल्या दिवशी पुंजाजी त्यात उकडून निघाला. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं हे खरं, पण आतला घामही बाहेर जात नव्हता. तो वर आला तो गरगरतच. केशरबाईनं काखेत बोटबोटभर फटी कापल्या, पाठीवर एक आडवी चीर दिली आणि तिच्यावर छपराच्या वळचणीसारखी पट्टी शिवली. वारा शिरावा, पाणी शिरू नये.

पंधरा दिवसांत जखमांनी खपली धरली. काठावरून दोर ओढणारा मोतीराम त्याला ‘साहेब’ म्हणायला लागला. पुंजाजी वरवर रागवायचा, पण त्याला ते आवडायचं.

विसाव्या दिवशी कोट घडीघडीवर तडकला.

“तेल कच्चं रायलं तुयं,” पुंजाजी म्हणाला.

केशरबाईनं कोट उन्हात धरला. चिरांमध्ये पांढरी भुकटी बसली होती. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं.

“रोज धुता कायनं हा?”

“कायनं म्हंजे? काम झालं का तिथंच बुचकळतो, त्याच इहिरीत.”

“मंग मीठ जाईन कसं? खाऱ्या पान्यानं खारं धुऊन राहिले तुमी.”

त्यात त्याचीही चूक नव्हती. त्या पट्ट्यात अख्खं गाव कपडे खाऱ्याच पाण्यात धुतं. गोड्या पाण्यानं कपडा धुणारा माणूस गावानं वेड्यात काढला असता. केशरबाईनं कोटाला तेल-मेणाचे नवे हात दिले आणि सांगितलं, आजपासून कोट घरी आणायचा, मी धुईन.

कोट टिकला. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. पाठ कोरडी झाली, पुंजाजी उताणा झोपायला लागला. रोज सकाळी खुंटीवर मऊसूत कोट मिळायचा आणि तो अंगात चढवून हा निघायचा. पाणी कुठून येतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. भल्या भल्या नवऱ्यांना हे सुचत नाही, तर पुंजाजीचं काय घेऊन बसलात!

एका दुपारी काम लवकर आटोपलं. घरी आला तेव्हा केशरबाई गोवऱ्या थापत होती. तहान लागली म्हणून त्यानं चुलीमागचा तिचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. पहिलाच घोट थुंकला.

“हे तं इहिरीचं हाये.”

“तुमचं तिकडं हाये, माठात.”

“तू हे पेतं?”

केशरबाईनं हात थांबवला नाही. “एका घागरीत काय काय भागीन? तुमचा चा, डाळ, कोट. मले आता सवय झाली.”

“कवापासून?”

तिनं पुढची गोवरी थापली. हिशोब सोपा होता. कोट टिकायला लागला, तेव्हापासून.

पुंजाजी तिथंच उंबऱ्यावर बसला. त्याला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मग तो उठला, रिकामी घागर घेतली, कोट खांद्यावर टाकला आणि पूर्णेच्या वाटेला लागला. आता त्या गावात बाप्यानं डोक्यावर घागर घेतलेली कुणी पाहिली नव्हती. झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या मनकर्णाबाईनं विचारलंच, “काहून भाऊ, बाई माहेरी गेली काय?” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. पुंजाजीनं कोट तिथंच खळबळून घेतला, घागर भरली आणि डोक्यावर घेतली. ती त्याला नीट पेलत नव्हती. दोन कोसांत निम्मा भिजला तो.

“लोक काय म्हनतीन?” केशरबाई दारातच म्हणाली.

“म्हनू दे. उद्यापासून कोटाचं पानी मी आनीन.” त्यानं पेला बुडवून तिच्यापुढं धरला. “हे कोटाचं नाई. हे तुयं. पे.”

तिनं पेला तोंडाला लावला, अर्धा प्याली आणि उरलेलं सवयीनं कोट धुवायच्या घमेल्याकडं न्यायला लागली. पुंजाजीनं तिचं मनगट धरलं. मग तिनं तेही पिऊन टाकलं.