आधी पाठ, मग चित्र

मास्तरांसमोर कुणी चित्र आणून ठेवलं, की ते आधी त्याचं तोंड भिंतीकडे करायचे. मग स्टुलावर बसून त्याच्या पाठीकडे बघत राहायचे, चांगला अर्धा तास. कॅनव्हासचं कापड कसलं, चौकटीला खिळे कसले, तेल कुठे झिरपलंय, जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी कुठे अर्धवट फाटलीय. चित्र आणणारा बहुधा दिल्लीचा असायचा, त्याच्या बुटांना ब्रह्मा घाटाच्या गल्लीतलं शेण लागलेलं असायचं आणि त्याला परतीचं विमान गाठायचं असायचं. एकजण न राहवून म्हणाला, "मास्टरजी, पेंटिंग तो उधर है." मास्तर मान न वळवता म्हणाले, "मालूम है. दूर से आई है, उसको थोड़ा आराम करने दीजिए."

लिलावात येणाऱ्या आजच्या चित्रकारांची चित्रं पारखायला दिल्लीची माणसं काशीतल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे का येत होती, हे आमच्या गल्लीतल्या कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. शेजारच्या पुरोहितांना वाटायचं मास्तर चित्रं गहाण ठेवून घेतात. खरं कारण साधं होतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जो चित्रकार काशीत येऊन राहिला, घाट रंगवून गेला, त्याच्या खोलीवर मास्तर जाऊन बसलेले होते. कोण कुठलं कापड वापरतो, कुणाला निळा रंग परवडायचा नाही, कोण दारूच्या दिवसांत कसं काढायचा, सगळं त्यांना ठाऊक. आणि मत विकायची सवय त्यांना नव्हती. किंमत विचारली की म्हणायचे, "ते तुमचं काम. मला चित्राबद्दल विचारा."

मी त्यांच्याकडे पोचले ती आईमुळे. बाबांची बँकेतली बदली बनारसला झाली, मी तिथल्याच विद्यापीठात कलेचा इतिहास शिकत होते, आणि माझं मराठी हिंदीत बुडत चाललंय अशी आईला धास्ती होती. "आठवड्यातून दोनदा त्या मास्तरांकडे जा, निदान मराठी तरी बोलशील," असं म्हणून तिने मला पाठवलं. काशीत पिढ्या काढलेल्या घरातल्या मास्तरांचं मराठी ऐकलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. "अगं, जल्दी काय आहे, बैस. खिडकी खोल. रोशनी येऊ दे, मग बघू," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. पहिल्याच दिवशी मी फोनवर एका चित्राचा फोटो दाखवून मत विचारलं, तर म्हणाले, "फोनवर कचौडी दाखवलीस तर मी चव सांगू का?" त्यानंतर फोन पिशवीतच राहिला.

त्यांची दुसरी सवय चिठ्ठीची. चित्राची पाठ बघून झाली की वर्तमानपत्राच्या पट्टीने सही झाकायची आणि मगच चित्र सरळ करायचं. खोलीत जितकी माणसं असतील तितक्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने आपलं मत लिहायचं, शेवटी दोनपैकी एक शब्द: 'राहील' किंवा 'जाईल'. पन्नास वर्षांनी हे चित्र कुणी बघेल असं वाटलं तर राहील, नाहीतर जाईल. चिठ्ठ्या घडी करून देवघरातल्या गंगेच्या पाण्याच्या गडूखाली जायच्या. एकदा गडूखाली गेलेली चिठ्ठी बदलायची नाही, हा कडक नियम. मगच पट्टी निघायची. मोठमोठ्या नावांना मी 'जाईल' लिहिलेलं आहे, आणि पट्टी निघाल्यावर माझा चेहरा पडला की मास्तर खूश व्हायचे. "घाबरतेस काय? नाव बघून मत बदललंस तर ते नावाचं मत झालं. चित्राचं कुठे राहिलं?"

चित्र पुन्हा बघताना स्वतःची चिठ्ठी चुकली असं वाटलं, तर त्यांचा एक दंड ठरलेला होता. ठठेरी बाजारातून पाकातल्या लवंगलता, ही तिथली मिठाई, घ्यायच्या आणि त्या चित्रकाराच्या घरी जाऊन सांगायचं, मी तुमच्या चित्राला 'जाईल' म्हटलं होतं, चुकलो. एका तरुण चित्रकर्तीला याचा पत्ताच नव्हता की असं काही म्हटलं गेलंय. मास्तरांनी आपण होऊन जाऊन सांगितल्यावर ती आधी भडकली, मग तिने तीन लवंगलता खाल्ल्या. येताना मास्तर मला म्हणाले, "बघ, पाक जास्त असला की माफी लवकर मिळते."

मास्तर डावरे होते. घर वेदपाठी ब्राह्मणांचं, तिथे डाव्या हाताने पानावर बसलेल्या पोराचं काय होत असेल ते सांगायला नको. जेवण, पूजा आणि लिहिणं वडिलांनी छडीच्या जोरावर उजव्या हाताला लावलं. चित्र काढणं वडिलांच्या लेखी कामच नव्हतं, म्हणून तेवढं डाव्याकडे राहून गेलं. शाळेत ते फळ्यावर उजव्या हाताने सुविचार लिहायचे आणि डाव्याने मोर काढायचे, पोरं दोन्हींना टाळ्या वाजवायची. स्वतःची चित्रं मात्र त्यांनी केव्हाच सोडली होती. का, असं मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "रोज काढायचो, रोज चिठ्ठी लिहायचो. रोज एकच शब्द यायचा. मग चिठ्ठ्या तेवढ्या चालू ठेवल्या." हे ते हसत म्हणाले. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याकडचा चहा गोड लागला नाही.

त्यांनी मला शिकवलेली सगळ्यात कामाची गोष्ट याच हातातून आली. छायेच्या बारीक रेघा बघ, म्हणायचे. उजव्या हाताचा माणूस घाईत रेघ मारतो तेव्हा ती वर उजवीकडून खाली डावीकडे झुकते. डावऱ्याची उलटी. "सही कुणीही गिरवून शिकेल. हाताचा कल शिकता येत नाही." मी पुढे दिल्लीत एका लिलाव करणाऱ्या संस्थेत लागले, ती या एका गोष्टीच्या बळावर. तिथले लोक भिंग घेऊन सहीवर वाकलेले असायचे आणि मी कोपऱ्यातल्या सावल्या बघत असायची.

त्याच संस्थेकडे त्रिभुवनजींचं चित्र आलं. त्रिभुवनजी संकठा घाटामागच्या गल्लीत राहायचे. मास्तरांचे जिवलग, रोज सकाळी दोघं एकाच पायरीवर बसून भांडत. ते गेले आणि पाच-सहा वर्षांत त्यांच्या चित्रांना भलतीच मागणी आली. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना भाभीजी म्हणत असू, घरातलं शेवटचं मोठं चित्र विकायला काढलं होतं: घाटाच्या रिकाम्या पायऱ्या, आणि त्यांच्यावर एकच विसरलेली छत्री. आमच्या संस्थेने ते सूचीच्या मुखपृष्ठावर घ्यायचं जवळजवळ नक्की केलं. राहिलं होतं फक्त मास्तरांचं 'हो'. मास्तरांनी कळवलं, "या चित्राचं मत मी देणार नाही. पोरीला पाठवा. ती देईल." चित्र मतासाठी मास्तरांच्याच खोलीत आलेलं होतं. मला वाटलं मित्राची आठवण सोसत नसेल, आणि पहिल्यांदाच एकटीने मत द्यायचं म्हणून मी मोठ्या तोऱ्यात निघाले.

सकाळी सातला पोचले. नदीवरून ऊन सरळ खोलीत आलेलं होतं. मी पाठ बघितली. कापड त्रिभुवनजींचं, खिळे त्यांचेच, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं नावही त्यांच्या अक्षरात. चित्र कुणाचं हे सगळ्यांना माहीत असूनही मास्तरांनी सहीवर पट्टी लावलेली होती. मग चित्र सरळ केलं. इतकं शांत चित्र त्रिभुवनजींनी उभ्या आयुष्यात काढलं नव्हतं. मी लिहायला लागले: 'कल्पना त्यांची. चित्र फार चांगलं.' मग सवयीने पायऱ्यांच्या सावल्यांकडे गेले. रेघा सगळ्या उलट्या झुकलेल्या, आणि त्रिभुवनजी तर उजव्या हाताचे. मी लिहिलं, 'हात त्यांचा नाही. हात डावरा.' आणि खाली, 'राहील.'

चिठ्ठीची घडी घालताना माझे हात थांबले. त्रिभुवनजींच्या घरी जाणारा-येणारा डावरा माणूस या गावात एकच होता, आणि तो माझ्या समोर स्टुलावर बसून नदीकडे बघत होता. ही चिठ्ठी बाहेर आली तर चाळीस वर्षांचं त्यांचं नाव मातीला मिळालं असतं. खोटी चित्रं ओळखणाऱ्यानेच मित्राच्या नावावर चित्र काढलं, असं लोक म्हणाले असते, आणि लोकांना तेवढं पुरतं. चिठ्ठी फाडणं अगदी सोपं होतं. मास्तरांनी एकदाही मान वळवली नाही. मला त्यांचा रागही आला, हे कबूल करते. स्वतः न बोलता हे माझ्यावर कशाला टाकलं? पण त्यांनी इतकी वर्षं शिकवलेलं त्यांच्यासाठीच मोडायचं, तर मग मी शिकले काय? मी उठले आणि चिठ्ठी गडूखाली ठेवली.

मास्तरांनी ती काढली, चष्मा पुसला, वाचली. पुन्हा वाचली. मी ओरडा खायच्या नाहीतर रडायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "'राहील' लिहिलंस?"

"हो."

"हात कुणाचा ते कळायच्या आधी लिहिलंस, की नंतर?"

"आधी, मास्तर."

मास्तरांनी डाव्या हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि म्हणाले, "त्याचे हात थरथरायचे गं त्या शेवटच्या थंडीत. खुर्चीवर बसून सांगत होता, मी काढत होतो. सही त्याने केली. मला वाटलं मित्राचं काम आहे, चिठ्ठी कशाला लिहायची."

त्याच दिवशी त्यांनी उजव्या हाताने, सुबक अक्षरात, संस्थेला पत्र लिहिलं: कल्पना त्रिभुवनजींची, हात माझा, त्यांच्या एकट्याच्या नावावर विकू नये. चित्र मुखपृष्ठावरून निघालं, लिलावातूनही निघालं. माझे साहेब माझ्याशी पंधरा दिवस धड बोलले नाहीत. मास्तर लवंगलता घेऊन भाभीजींकडे गेले, सोबत मी. भाभीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मास्टर साहब, चाय तो हम ही लाते थे, अंधे थोड़े हैं. हम समझे आप लोगों में ऐसे ही चलता है." त्यांनी नवऱ्याचं दुसरं, लहान चित्र विकायला दिलं. छत्रीचं चित्र मात्र पुन्हा भिंतीवर टांगलं. बाजारात व्हायची ती कुजबुज झाली, काही महिने मास्तरांकडे कुणी फिरकलं नाही. मग चित्रं परत यायला लागली, आधीपेक्षा जास्तच. स्वतःच्या विरुद्ध मत लिहून देणारा दुसरा माणूस त्या धंद्यात कुणी बघितला नव्हता.

मास्तर गेल्या कार्तिकात गेले. मला पोचायला उशीर झाला. सगळं आटोपल्यावर मी भाभीजींकडे गेले. छत्रीचं चित्र जमिनीवर उतरवलेलं, तोंड भिंतीकडे. "जाने से पंद्रह दिन पहले आए थे, उतरवाया, फिर टाँगने नहीं दिया," त्या म्हणाल्या. "बोले, बिटिया आए तो पहले पीठ दिखाना."

पाठीवर माझी ती चिठ्ठी डकवलेली होती. तिच्याखाली मास्तरांची सही. अक्षरं वेडीवाकडी, पहिलीतल्या पोराची असावीत तशी. त्या डाव्या हाताने त्यांना कधी कुणी लिहूच दिलं नव्हतं.

"अब सीधा कर दूँ?" भाभीजींनी विचारलं.

मी तिथेच जमिनीवर बसले. म्हटलं, "थोड़ा रुकिए."