'उघडीप' लिहिलेले नऊ दिवस

साळवे सर गेल्याचा फोन त्यांच्या पत्नीनं, काकूंनी केला, तेव्हा मी कॉलेजच्या गच्चीवर होते. खरं सांगते, आधी रडू नाही आलं. माझा अहवाल आठवला. फुलंब्रीच्या एका प्रसूतिगृहात सूर्यावर पाणी तापवणारे बंब बसायचे होते. ते कितपत चालतील याचा मी केलेला अहवाल सरांच्या टेबलावर तपासायला पडला होता, आणि त्यात माझी एक लबाडी होती. ती पकडणारा माणूसच गेला, म्हणून क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... त्या वाटण्याचीच मला जास्त भीती वाटली.

सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतरही रोज सकाळी गच्चीवर यायचे, ऊन मोजणाऱ्या यंत्राची काचेची टोपी रुमालानं पुसायचे आणि वहीत दिवसाच्या आकड्याशेजारी आभाळाबद्दल एक शब्द लिहायचे. लख्ख, मळभ, धुळकट. शब्द नसेल तर आकडा धरायचेच नाहीत. "हे ऊन तू पाह्यलंस का?" असं त्यांनी विचारलं की माझी भंबेरी उडायची. बंबांचं गणित कुणी वर्षाच्या सरासरीवर मांडलं की भडकायचे. "सरासरीनं पाणी तापतं व्हय? लागोपाठ किती दिवस सूर्य गायब राहतो, ते सांग. बाळंतीण नेमकी त्याच दिवसात येणार हाय."

दोन पावसाळ्यांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन करून ते इथून तासाभरावरच्या वेरूळला लेकीकडे राहिले आणि वही माझ्यावर सोपवली. मी आळस केला, गच्चीवर फिरकलेच नाही. दहाव्या दिवशी वर गेले तर खारीनं वायर कुरतडलेली, नऊ दिवसांचे आकडेच नाहीत. आभाळ तर डोक्यावरच होतं, पण मी मान वर करून पाहिलं नव्हतं. सरांच्या धाकानं मी मागच्या वर्षांची सरासरी काढून रकाने भरले आणि पुढं नऊ वेळा लिहिलं, 'उघडीप'. परतल्यावर सरांनी वही चाळली, माझ्याकडे पाहिलं. "समदं ठीक ना गं?" "हो सर." एवढंच... यंदा बंबांच्या अहवालासाठी मी तीच वही धरली. त्या नऊ दिवसांमुळे माझ्या हिशेबात सलग मळभ उरलंच नाही, आणि विजेच्या हीटरची जोड लागणार नाही, असं मी अहवालात ठोकून दिलं. पुढं कधी जाग आली की गार पाण्याच्या नळाशी धरलेलं नुकतं जन्मलेलं बाळ डोळ्यांसमोर यायचं.

सर गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी अहवाल आणायला गुलमंडीजवळच्या त्यांच्या घरी गेले. काकूंनी अहवालासोबत एक डायरी हातात ठेवली. "तुलाच द्यायला सांगितलं व्हतं. लई जीव व्हता त्यांचा तुझ्यावर." डायरी वेरूळच्या मुक्कामातली होती, तारखा त्याच नऊ. पहिल्या पानावर सरांचं बारीक अक्षर: 'काळा चष्मा आहे, डोळ्यांवर भरवसा नाही. दुपारी अंगणात तळहात धरला. ऊब लागली नाही.' पुढच्या आठही पानांवर, 'ऊब नाही.' आणि शेवटी, बहुधा नंतर कधीतरी, पेन्सिलीनं लिहिलेलं: 'पोरगी घाबरली असेल. सांगेल आपणहून.' अहवालावर सरांची सही नव्हती.

दोन वर्षं मी त्या घरात सरांसमोर बसून चहा प्यायले, आणि ते वाट पाहत राहिले. तिथंच पायरीवर बसून मी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. माझा हिशेब चुकलाय, हीटर लागेल, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण साळवे सरांनी तपासलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "चूक त्यांनी तेव्हाच पकडली होती. मी आज सांगतेय."